थरथर ओसरेपर्यंत

समुद्राकाठी एक गाव होतं. तिथे घरांपेक्षा माड जास्त होते. त्या गावात भिवा नावाचा एक पाडेली राहत असे. माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला त्या मुलखात पाडेली म्हणत.

भिवाचा एक जिवलग मित्र होता, तातू. तोही पाडेलीच. दोघे जोडीने काम करत. एक वर चढे, दुसरा खाली नारळ गोळा करी. पुढच्या माडाला पाळी बदले. पायांत काथ्याच्या दोरीचा फास, कमरेला कोयता, की झालं. लहानपणापासून चढत आल्यामुळे आपण जमिनीवर चालतो तसे ते माडावर चालत. वर बसून तातू गाणी म्हणे आणि खाली भिवा हसत बसे.

एके दिवशी सकाळी दोघे तातूच्याच परसातला माड उतरवायला गेले. दहा पुरुष उंच, जुना माड. पाळी भिवाची होती, पण त्याच्या टाचेत काटा मोडला होता.

"तू बस रे, मी जातो," तातू म्हणाला.

तातू वर गेला. भिवा खाली वाकून नारळ पडायची जागा मोकळी करत होता. वर काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. भिवाने मान वर करेपर्यंत तातू जमिनीवर पडला होता. तो पुन्हा उठला नाही.

लोक म्हणतील, भिवाला भीती बसली ती त्याच क्षणी. पण तसं झालं नव्हतं. त्या दिवशी भिवा घाबरला नाही. त्याने तातूला उचललं, खांदा दिला, तातूच्या बायकोला, भागीला, धीर दिला. तेराव्या दिवसापर्यंत तो धावपळच करत होता. भीतीला त्याच्यापाशी यायला अजून सवड मिळाली नव्हती.

पंधरा दिवसांनी तो कामावर गेला. माड नेहमीचाच होता. अर्ध्यापर्यंत तो सहज चढला. मग त्याच्या कानांत तो मोडल्याचा आवाज आला. खरा नव्हे, आठवणीतला. हाताला घाम सुटला, मांड्या लटलट कापू लागल्या. भिवा भराभर खाली उतरला. जमिनीला पाय लागताच त्याचा जीव भांड्यात पडला. इतकं बरं वाटलं, इतकं मोकळं वाटलं, की तो माडाला टेकून बराच वेळ नुसता बसून राहिला.

ते बरं वाटणंच पुढे त्याला महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी तो बागेच्या मालकांना म्हणाला, "उंच माड तेवढे दुसऱ्या कुणाला सांगा. वारा फार आहे." मालकांनी मानलं. भिवाला पुन्हा तसंच बरं वाटलं. महिनाभराने ठेंगण्या माडांखाली उभं राहिलं तरी तो आवाज ऐकू येऊ लागला. मग पाठ दुखू लागली आणि ठेंगणे माडही सुटले. पावसाळ्याआधी घर शाकारायचं होतं, तेव्हा छपरावर त्याची बायको पारू चढली. माळ्यावरून भात काढायचं कामही हळूहळू तिच्याकडेच आलं. ओढ्यावर दोन ओंडक्यांचा साकव होता. त्याखाली गुडघाभर पाणी. पण त्या साकवावरून जायचं सोडून भिवा अर्धा कोस वळसा घालू लागला.

प्रत्येक वेळी त्याला चांगलं कारण सापडे. आणि प्रत्येक वेळी मागे फिरल्यावर तेच बरं वाटणं मिळे. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात येत नव्हती. तो एक पाऊल मागे गेला की भीती एक पाऊल पुढे येत होती. माडाच्या शेंड्यावर असलेली भीती आता ओढ्याच्या काठावर येऊन बसली होती.

आणखी एका ठिकाणी जायचं त्याने टाळलं. भागीच्या घरी. त्या घराच्या मागे तो माड होता. शिवाय पाळी आपली होती, हे भिवा एक दिवसही विसरला नव्हता.

भिवा घरी बसून सुंभ वळू लागला. ओळीने दोन वर्षं गेली.

भिवाला एक मुलगी होती, आठ वर्षांची. नाव आवडी. एके दुपारी वाडीतल्या मुली करवंदं काढायला ओढ्यापलीकडे निघाल्या. आवडीही टोपली घेऊन गेली. भिवा दुरून येत होता, त्याला दिसलं, सगळ्या मुली साकवावरून दुडूदुडू पलीकडे गेल्या आणि आवडी एकटीच अलीकडे उभी राहिली. तिने एक पाय ओंडक्यावर ठेवला. लगेच मागे घेतला. मग ती खाली बसली आणि टोपलीत तोंड घालून रडू लागली.

भिवा धावत गेला. "काय झालं गो? पडलीस?"

"नाही."

"कुणी ढकललं?"

"नाही. मला भीती वाटते."

"कशाची?"

आवडीने डोळे पुसले. "मला काय माहीत? तुम्हाला कशाची वाटते, बाबा?"

आवडी कधी पडली नव्हती. तिने कुणाला पडताना पाहिलंही नव्हतं. तातूकाका गेला तेव्हा ती आजोळी होती. मग तिच्या पायांत ही थरथर आली कुठून? भिवाला आठवलं, दिवसातून पन्नास वेळा आपण तिला म्हणतो, "हळू गो, पडशील." तिचा हात धरून आपणच तिला वळशाच्या वाटेने नेतो. माणूस पोरांना घर देतो, शेत देतो. आपण हिला हे दिलं.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. सकाळी त्याने ठरवलं, हे संपवायचं.

पारूचा भाऊ धाकू पाहुणा आला होता. आडदांड गडी. तो म्हणाला, "भावोजी, भीतीला असं गोंजारत बसतात होय? एकदाच डोळे मिटून वर जायचं, शेंड्यापर्यंत. खेळ खलास! चला, मी येतो."

चार माणसं जमली. धाकू खालून ओरडत होता, "चढा! थांबू नका! खाली बघू नका!" भिवा दातओठ खाऊन चढला. चार पुरुष उंचीवर त्याचे हातपाय बधिर झाले. वर जाववेना, खाली येववेना. शेवटी दोघांनी शिडी लावून त्याला गाठोड्यासारखं उतरवलं. लोक हसले नाहीत. ते हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं. त्यानंतर पाच-सहा दिवस तो अंगणातही आला नाही. त्याला वाटू लागलं, आपण एकदा लढून पाहिलं आणि हरलो. आता काही उरलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी दाराशी भागी येऊन उभी राहिली.

भिवा गडबडून उठला. दोन वर्षांत तो तिच्यासमोर आला नव्हता. "वहिनी, तुम्ही? बसा ना."

भागी ओसरीवर बसली. पारूने आणलेलं पाणी प्यायली. मग म्हणाली, "भावोजी, परसातला माड तोडायचा म्हणतात सगळे."

"का?"

"दोन वर्षं त्याच्यावर कुणी चढलं नाही. आसपासच्या गावांतले पाडेलीही येत नाहीत. त्याने माणूस खाल्ला म्हणतात. नारळ पिकून आपोआप खाली पडतात. परवा एक शेळीच्या डोक्यावर पडता पडता राहिला. लोक म्हणतात, मिरगाच्या आत, पाऊस लागायच्या आधी तोडून टाक. उद्या तुझ्याच डोक्यात पडेल."

"मग तुमचं काय म्हणणं?"

"सासूबाईंनी लावलेला माड तो. माझं अर्धं वर्ष त्याच्यावर निघायचं. आणि माडाने काय केलंय, भावोजी?"

भिवाने मान खाली घातली. "वहिनी, मला चढ म्हणायला आल्या असाल तर… तुम्ही ऐकलंच असेल. त्या दिवशी मला शिडी लावून उतरवलं."

"ऐकलं. मी चढायला सांगत नाहीये. उद्या सकाळी माझ्या परसात येऊन बसाल? नुसतं बसायचं."

"तेवढंही जमेलसं वाटत नाही."

भागीने रिकामा तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला एक सांगते. हे गेल्यावर तीन महिने मी मागचं दार उघडलं नव्हतं. पुढच्या अंगणात भांडी घासायची, पुढेच कपडे वाळत घालायचे. दाराला हात लावला की छाती धडधडायची. हात काढला की बरं वाटायचं. एक दिवस शेळी मागे जाऊन अडकली आणि ओरडायला लागली. दार उघडावंच लागलं. चुलीवर भात होता. मी चौकट धरून उभी राहिले, अशी कापत होते की चौकट हलतेय असं वाटलं. वाटलं, आता मरते. पण मरायचं तर मरू, म्हटलं, आत जायचं नाही. आणि भावोजी, भाताला उकळी येईपर्यंत थरथर ओसरली. आपली आपण. मी काहीच केलं नव्हतं. नुसती पळाले नाही, एवढंच."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पण थोडी कमी."

भिवा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. कुंपणाच्या आत पाऊल टाकताच त्याला तो माड दिसला आणि तो थबकला. भागी मागच्या पडवीत केरसुण्यांसाठी झावळ्यांचे हीर काढत बसली होती. तिने एक झावळी आणि कोयती त्याच्या पुढ्यात सरकवली.

"मी जातो," भिवा म्हणाला.

"जा. तुम्हाला बांधून ठेवलं नाही. फक्त थरथर चालू असताना जाऊ नका. ती ओसरली की खुशाल जा."

भिवा बसला. कपाळावरून घाम ओघळत होता. हीर काढता काढता दोनदा बोट कापलं. पहिली केरसुणी बांधून झाली, दुसरी झाली. तिसरी अर्ध्यावर असताना त्याच्या लक्षात आलं, की आपण मघापासून कावळ्यांकडे बघतोय. छाती शांत होती.

तो रोज जाऊ लागला. पाचव्या की सहाव्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, पाळी माझी होती."

"माहीत आहे," भागी म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"यांनी चढायच्या आधी मला हाक मारून सांगितलं होतं, भिवाच्या पायात काटा आहे, त्याला गूळपाणी दे. तुम्हीही पडला असतात कदाचित. नसतातही." तिने हातातला हीर बाजूला ठेवला. "ते पडले तेव्हा त्यांच्या मुठीत काय होतं, पाहिलंत तुम्ही?"

"नाही."

"वाळलेल्या झावळीची पाती. झावळी देठापासून सुटली होती. वर पोहोचल्यावर त्यांनी तिला धरलं असणार. माडाने माणूस खाल्ला नाही, भावोजी. घाईत वाळलेली झावळी धरली गेली. दोन वर्षं सगळा गाव माडाला भितोय. भ्यायचं होतं ते वाळलेल्या झावळीला."

भिवा कितीतरी वेळ त्या शेंड्याकडे पाहत राहिला. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच तिकडे नीट बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो माडाला हात लावून उभा राहिला. त्याच्या पुढच्या दिवशी पहिल्या खाचेत पाय ठेवून. नियम एकच ठेवला, कापत असताना उतरायचं नाही. काही दिवस दोन खाचा वर जाता आलं, काही दिवस एकही नाही. एकदा वारा सुटला आणि तो चार खाचा खाली आला. त्याला रडू फुटलं. भागी म्हणाली, "भरती-ओहोटी रोज बघता ना? मग?"

संध्याकाळी तो आवडीला घेऊन साकवावर जाई. पहिल्या दिवशी बापलेक हातात हात घालून काठावरच उभे राहिले.

"बाबा, माझे पाय थरथरतायत."

"माझेही," भिवा म्हणाला.

आवडीने आश्चर्याने त्याच्या पायांकडे पाहिलं. मोठ्या माणसाचे पाय कापतात आणि तो तसं सांगतो, हे तिला नवीन होतं. मग तीच म्हणाली, "आपण मोजू या का, केव्हा थांबतात ते?" त्यांनी मोजलं. पहिल्या दिवशी आकडा तीनशेवर गेला. चार दिवसांनी साठावर आला. दहाव्या दिवशी आवडी मोजायचं विसरली आणि मधोमध उभी राहून पाण्यातले मासे बघत बसली.

मिरगाला आठ दिवस उरले. गावाने बोलावलेले लाकूडतोडे कुऱ्हाडी घेऊन भागीच्या परसात आले. त्यांच्यामागून गावातली दहाबारा माणसंही आली. भिवा तेव्हा माडाखालीच होता. एव्हाना तो अर्ध्या माडापर्यंत चढून उतरू लागला होता.

"आज थांबा जरा," तो त्यांना म्हणाला आणि त्याने पायांत फास घातला.

तो सावकाश चढला. मध्ये तीनदा थांबला, श्वास घेतला, पुन्हा निघाला. शेवटी तो शेंड्याला पोहोचला. त्याने वर हात नेला, पण झावळी धरली नाही, आधी ओढून पाहिली. पहिली घट्ट होती. दुसरी घट्ट होती. तिसरी ओढताच कट्‌ आवाज झाला आणि ती सुटून त्याच्या खांद्यावरून खाली कोसळली.

तोच आवाज. या वेळी खरा.

भिवाचं सगळं अंग कापू लागलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने माडाला मिठी मारली. खाली बायका किंचाळल्या. माणसं ओरडू लागली, "उतर रे भिवा! पुरे झालं! खाली ये!"

उतरणं कठीण नव्हतं. पाय खाली सोडला की झालं. जमिनीवर तेच बरं वाटणं त्याची वाट पाहत होतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि आज उतरलो तर उद्या या माडावर कुऱ्हाड चालेल, परवा आपण पुन्हा ओसरीवर असू, हेही ठाऊक होतं.

भागी मात्र पडवीच्या खांबाला हात लावून वर बघत उभी होती.

भिवा थांबला. त्याने गाल माडाला टेकवला. माडाला उन्हाचा वास येत होता. त्याची छाती माडावर आदळत होती, ती तशीच आदळू दिली. समोर समुद्र होता. दोन होड्या बाहेर निघाल्या होत्या. पहिली खडकापर्यंत गेली. मग दुसरी. मग पहिलीचं शीड दिसेनासं झालं. आणि केव्हातरी भिवाच्या लक्षात आलं, की आपल्या बोटांना माडाचा खरखरीतपणा लागतोय. बोटं परत आपली झाली होती. थरथर ओसरली होती.

त्याने एक हात मोकळा केला, कोयता काढला आणि पहिला घड तोडला. "खालून सरा!" तो ओरडला. घड धपकन पडला. मग दुसरा. मग त्याने सगळ्या वाळलेल्या झावळ्या एकेक करून साफ केल्या आणि आला तसाच सावकाश उतरला.

लाकूडतोड्यांनी कुऱ्हाडी खांद्याला लावल्या आणि ते निघून गेले. भागीने नारळांकडे पाहिलं, मग खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. दोन वर्षांत ती गावासमोर रडली नव्हती. पारू तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

धाकू पुन्हा पाहुणा आला होता, तोही त्या गर्दीत होता. त्याने भिवाला मिठी मारली. "शाबास भावोजी! शेवटी गेली ना भीती?"

भिवा पायांतला फास सोडत होता. "गेली नाही," तो म्हणाला. "वरपर्यंत माझ्याबरोबर होती. आणि बरं झालं होती. तिनेच सांगितलं, झावळी आधी ओढून बघ."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: भीती ही माणसाची शत्रू नाही, ती राखणदार आहे, तिच्यापासून पळत राहिलं की ती मालकीण होते, आणि थरथर ओसरेपर्यंत तिच्यासमोर उभं राहिलं की ती पुन्हा राखणीला बसते.